डावी खुर्ची की स्वतःचे घर?

विमान चालविणाऱ्या माणसाविषयी आपल्या मनात एक ठरलेले चित्र असते. पांढरा शुभ्र सदरा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, हातात बॅग आणि पायाशी सारे जग. अशा माणसाला घर कोठे करावे याची विवंचना असेल, असे आपल्याला वाटत नाही. जो सकाळी दिल्लीला असतो आणि रात्री लंडनला, त्याला एखाद्या गावाचे काय कौतुक? पण खरी गोष्ट अगदी उलटी आहे. 'मी कोणत्या गावी कामावर हजर होतो' या एकाच प्रश्नावर ज्यांच्या संसाराचा सारा हिशेब उभा असतो, अशा थोड्या व्यवसायांत वैमानिकाचा व्यवसाय मोडतो. ते गाव त्याच्या हातून काढून घेतले गेले म्हणजे तो काय करतो, कशाशी काय तोलून पाहतो, याविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

कला शाखेच्या मुलीने विमानांच्या भानगडीत कशाला पडावे, असे आमच्या वर्गातले मित्र विचारतीलच. विमानाचे इंजिन कसे चालते हे मला सांगता येणार नाही, आणि मला त्याच्याशी कर्तव्यही नाही. मला कुतूहल आहे ते माणसाने केलेल्या निवडीचे. या वर्षी आपल्याकडे व्यवसाय-मार्गदर्शनासाठी आलेल्या एका पाहुण्यांनी, "जेथे संधी तेथे जा, गावाला चिकटून बसू नका," असा उपदेश आम्हांला केला. टाळ्याही भरपूर पडल्या. योगायोगाने त्याच आठवड्यात मी अमेरिकेतील वैमानिकांच्या नोकरीविषयी वाचत होते, आणि पाहुण्यांचे ते वाक्य काही केल्या माझ्या गळी उतरेना.

वैमानिक ज्या विमानतळावरून आपली फेरी सुरू करतो आणि जेथे ती संपवितो, त्या गावाला त्यांच्या भाषेत 'बेस' म्हणतात. आपण तळ म्हणू. कंपनीने एखाद्या तळावरची विमाने कमी केली, किंवा तळच गुंडाळला, की तेथले वैमानिक जादा ठरतात. याला 'डिस्प्लेसमेंट' असा शब्द आहे. शब्दशः विस्थापन. आपल्याकडे विस्थापित म्हटले की कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची घरेदारे गेली ती माणसे आठवतात. चांगल्या पगाराच्या कॅप्टनला तोच शब्द लावताना लेखणी जरा अडखळते. दुःखाची प्रत निराळी आहे हे उघडच आहे. पण पेच तरी खरा आहे की नाही, हे पाहायला हरकत नाही.

हा पेच समजण्यासाठी त्यांची ज्येष्ठता यादी समजावून घेतली पाहिजे. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांत प्रत्येक वैमानिकाला एक क्रमांक असतो. तो नोकरीत रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतो. हुशारीवरून नाही, वरिष्ठांच्या मर्जीवरूनही नाही. कोणते विमान चालवायचे, डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून बसायचे की उजव्या खुर्चीत सहवैमानिक म्हणून, तळ कोणता, महिन्यातले कोणते दिवस घरी, नाताळची सुटी मिळणार की नाही, हे सारे त्या एका क्रमांकावर ठरते. प्रत्येकाने आपली पसंती नोंदवायची. वरच्या क्रमांकाच्या माणसाने घेऊन जे उरेल ते खालच्याने घ्यायचे. पंगतीतले शेवटचे पान म्हणा ना!

आपल्या प्राध्यापक मंडळींना आणि ज्यांच्या घरी कोणी शिक्षक आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. शाळेतली तुकडी तुटली की संचमान्यतेत जागा कमी होते, जो शेवटी लागला तो 'अतिरिक्त' ठरतो, आणि मग त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होईपर्यंत घरात कोणाचे लक्ष जेवणात नसते. वैमानिकांचे तसेच आहे. फरक इतकाच की तेथे अतिरिक्त ठरलेला माणूस मुकाट्याने वाट पाहत बसत नाही. आपल्या क्रमांकाच्या बळावर तो दुसऱ्या तळावर जाऊन आपल्याहून कनिष्ठ माणसाला हलवू शकतो. तो हललेला माणूस आणखी कोणाला हलवितो. २०२० साली महामारीत डेल्टा कंपनीने आपली बोइंग ७७७ जातीची सगळी विमाने निकालात काढली. ती चालविणारे लोक यादीत बरेच वरचे होते. ते खाली सरकले तेव्हा धक्का त्यांच्यापुरता राहिला नाही. एकामागून एक तो यादीत खाली उतरत गेला. विमानाची जात बदलली की पुन्हा शिक्षण, पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा परीक्षा. कंपनीलाही हा खेळ स्वस्त पडत नाही.

आता एक माणूस डोळ्यांसमोर आणू. वय सेहेचाळीस, लहान विमानावर कॅप्टन. घर तळाजवळ, पत्नी तेथल्याच इस्पितळात परिचारिका, मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षांत. कंपनी सांगते, तुमचा तळ अमुक महिन्यापासून बंद. आपली पसंती अमुक तारखेपर्यंत कळवा.

त्याला न्यूयॉर्कला कॅप्टन म्हणूनच जाता येईल. तेथे जागा असतात, कारण तेथे राहणे महाग आणि जाणे-येणे त्रासाचे, म्हणून यादीतले वरचे लोक बहुधा तो तळ टाळतात. पगार शाबूत राहील, खांद्यावरच्या चार पट्ट्याही राहतील. पण जुन्या तळावर तो कॅप्टनांमध्ये मधल्या फळीत होता, तो येथे अगदी तळाशी जाईल. म्हणजे ठरलेले वेळापत्रक गेले. 'रिझर्व्ह'वर बसायचे, फोन आला की ठरावीक वेळात विमानतळ गाठायचा, सणवार विसरायचे. क्रमांक तोच आहे, माणूस तोच आहे. शेजारी बदलले म्हणून त्याची किंमत बदलली.

किंवा दुसऱ्या, जरा जवळच्या तळावर तो उजव्या खुर्चीत परत जाऊ शकतो. पगार ढोबळमानाने दोन-तृतीयांशावर येईल. काल ज्यांना आज्ञा दिली त्यांच्या शेजारी बसून आज त्यांची आज्ञा घ्यावी लागेल. पण सहवैमानिकांमध्ये तो बराच वरचा ठरेल. दर आठवड्याचे शनिवार-रविवार घरी मिळतील, मुलीच्या पदवीदानाला हजर राहता येईल. तिसरा मार्ग कंपनीच सोडण्याचा. तो सर्वांत भयंकर, कारण क्रमांक बरोबर नेता येत नाही. वीस वर्षांचा अनुभव असलेला कॅप्टन दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला तर काल रुजू झालेल्या पोराच्या मागे त्याचे नाव लागते, आणि पगारही पहिल्या वर्षाचा. डॉक्टर गाव बदलतो तेव्हा आपली विद्या बरोबर नेतो. वैमानिकाची विद्या त्याच्याबरोबर जाते, तिची किंमत मात्र जुन्या कंपनीच्या दप्तरात राहते.

वयाचा हिशेब याखेरीज. अमेरिकेत विमान कंपनीच्या वैमानिकाच्या निवृत्तीचे वय पूर्वी साठ होते. २००७ च्या डिसेंबरात ते पासष्ट झाले. वरच्यांना पाच वर्षे मिळाली, म्हणजे खालच्यांची पाच वर्षे अडली. आपल्या पुढचे किती जण कोणत्या वर्षी निवृत्त होतील, हे प्रत्येकाला यादीवरून मोजता येते, आणि ते लोक मोजतातही. दुसऱ्याच्या वाढदिवसाचा हिशेब ठेवून आपले भविष्य पाहणारा हा एक विलक्षण व्यवसाय आहे!

या साऱ्यात दैवाचा भाग किती असतो हे पाहायचे तर सेंट लुईसची हकीगत सांगितली पाहिजे. हे टी.डब्ल्यू.ए. या जुन्या नामांकित कंपनीचे मुख्य ठाणे. २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने ती कंपनी विकत घेतली. दोन याद्यांची एक यादी करायची वेळ आली तेव्हा टी.डब्ल्यू.ए.च्या वैमानिकांपैकी फार मोठा भाग अमेरिकनच्या यादीच्या शेवटी जोडण्यात आला. वर्षानुवर्षे कॅप्टन असलेली माणसे परवा लागलेल्या सहवैमानिकांच्या खाली गेली. त्यांना दिलासा म्हणून सेंट लुईसच्या तळावर कॅप्टनपदाच्या काही जागा राखून ठेवल्या. म्हणजे गंमत पाहा, कुंपणाच्या आत तो कॅप्टन, बाहेर पाऊल टाकले की यादीतला शेवटचा माणूस. त्याने गाव सोडायचे कसे? पुढे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर विमानधंदा बसला, २००३ च्या नोव्हेंबरात अमेरिकनने सेंट लुईसची उड्डाणे जवळजवळ निम्म्यावर आणली, आणि कुंपणाच्या आतली जमीनच खचली. असंख्य जणांना घरी बसावे लागले. या लोकांनी आपल्याच संघटनेवर खटला भरला. २०११ साली न्यू जर्सीत ज्यूरीने संघटनेने आपले कर्तव्य नीट बजावले नाही असा निर्णय दिला. पैसे मिळाले, पण ज्येष्ठता काही परत आली नाही.

येथे माझ्या वडिलांची गोष्ट सांगते. ते एका बँकेत कारकून होते. अधिकारी होण्याची परीक्षा ते पास झाले होते, पण बढती घेतली की बदली ठरलेली. पहिली बदली विदर्भात होणार असे कळले. आजीला अर्धांगवायू झालेला, आई येथल्या बालवाडीत शिक्षिका. वडिलांनी बढती नाकारली, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा पुढे त्यांचा साहेब झाला. नातेवाईक त्यांना 'महत्त्वाकांक्षा नाही' असे म्हणत. मीही शाळेत असताना तसेच समजत असे. या वैमानिकांविषयी वाचताना मला प्रथमच कळले, की उजव्या खुर्चीत परत जाणाऱ्या माणसाला विमानाच्या जगात कोणी आळशी म्हणत नाही. त्याने आपल्या क्रमांकाचे मोल पैशांऐवजी दिवसांत वसूल केले, इतकेच समजतात. हा हिशेब आपल्याकडे का मांडला जात नाही, कोण जाणे.

पण बहुतेक विस्थापित वैमानिक यांपैकी काहीच करीत नाहीत. ते घर तेथेच ठेवतात, पदही सोडत नाहीत, आणि दोहोंतले अंतर विमानाने कापतात. याला 'कम्यूटिंग' म्हणतात. आपल्या कर्जत-कसाऱ्याहून मुंबईला लोकलने जाणाऱ्यांसारखेच, फक्त अंतर हजार-दोन हजार मैलांचे. रिकामी जागा असली तर फुकट बसायला मिळते. नसली तर पुढच्या विमानाची वाट. कामाच्या वेळेवर पोहोचणे ही सर्वस्वी त्यांची जबाबदारी. मग तळाच्या गावी आठ-दहा जणांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, वर-खाली पलंग टाकायचे आणि आळीपाळीने झोपायचे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात क्यू गार्डन्स नावाची वस्ती आहे. तेथे विमान कर्मचाऱ्यांच्या अशा खोल्या इतक्या झाल्या की लोक तिला थट्टेने 'क्रू गार्डन्स' म्हणू लागले. अडीच-तीनशे माणसांचे प्राण ज्याच्या हाती, तो कॅप्टन हॉस्टेलमधल्या मुलासारखा पत्र्याच्या कपाटाला कुलूप लावून झोपतो, हे चित्र आमच्या पाहुण्यांच्या भाषणात बसत नाही.

हा प्रश्न खासगी राहत नाही, तो याच ठिकाणी. २००९ च्या १२ फेब्रुवारीला कोल्गन एअरचे एक विमान नेवार्कहून बफेलोला जाताना उतरण्याच्या बेतात असता कोसळले. विमानातले सर्व ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. सहवैमानिक तरुणी राहत होती सिअ‍ॅटलजवळ, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून मेंफिसमार्गे नेवार्कला आली होती. कॅप्टनचे घर फ्लॉरिडात. दोघांनीही नेवार्कमध्ये भाड्याची खोली घेतलेली नव्हती. कर्मचाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत जमेल तशी विश्रांती घेतलेली. चौकशी मंडळाच्या अहवालात एक आकडा आहे. कंपनीच्या नेवार्क तळावरच्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण बाहेरगावाहून ये-जा करणारे होते. अपघाताचे कारण म्हणून मंडळाने कॅप्टनने धोक्याच्या इशाऱ्याला दिलेला चुकीचा प्रतिसाद ठरविला. थकव्यामुळे दोघांचे काम बहुधा खालावले असावे, पण नेमके किती हे सांगता येत नाही, असेही म्हटले. मंडळाच्या अध्यक्षांना थकवा हे एक कारण म्हणून नोंदवावे असे वाटत होते. इतरांना पटले नाही.

एवढ्यावरून बाहेरगावी राहणारा वैमानिक धोक्याचा, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. त्याच हिवाळ्यात, बरोबर २८ दिवस आधी, न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांचे प्राण वाचविणारे कॅप्टन सलेनबर्गर यांचाही तळ पूर्वेकडे नॉर्थ कॅरोलिनातील शार्लटचा आणि घर पश्चिमेकडे कॅलिफोर्नियात. म्हणजे तेही असेच ये-जा करणारे. साऱ्या देशाने त्यांना डोक्यावर घेतले असताना, त्याच फेब्रुवारीत त्यांनी संसदेच्या समितीपुढे जाऊन सांगितले ते काय? आपला पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला आहे आणि निवृत्तिवेतनाची योजना बंद झाली आहे. माणसे चांगली असतात म्हणून व्यवस्था निभावून जाते. पण म्हणून व्यवस्था चांगली आहे असे ठरत नाही.

मग ही ज्येष्ठता यादीच मोडीत काढावी काय? प्रथम मला तसेच वाटले. जन्मभराची किंमत एका तारखेवर ठरावी हे अन्यायाचे वाटते. पण या यादीच्या बाजूने एक गोष्ट अशी आहे की तिला उत्तर देणे कठीण. हवा वाईट आहे, विमानात खोट आहे, मी उडणार नाही, असे कॅप्टनने म्हटले तर कंपनीचे लाखो रुपये बुडतात. असा माणूस साहेबांच्या नजरेतून उतरणारच. बढती साहेबांच्या हातात असती तर किती जण 'नाही' म्हणाले असते? यादी आंधळी आहे, म्हणूनच ती खुशामत पाहत नाही. आपल्या शिक्षणसंस्थांत ज्येष्ठता डावलून संचालकांच्या जवळच्यांना पुढे केल्याच्या कथा आपण ऐकतोच; तेव्हा यादीचे मोल आपल्याला तरी कोणी शिकवायला नको.

शिवाय यादीचे कुंपण नसले म्हणजे माणूस मोकळा होतो, असेही नाही. आपल्या मुंबईतल्या जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उड्डाण केले. तेथे तळ बंद झाला नाही, सारी कंपनीच बंद झाली. वैमानिकांचे आधीच काही महिन्यांचे पगार थकलेले. कोणी दुसऱ्या भारतीय कंपनीत कमी पगारावर गेले, कोणी आखाती देशांत गेले. घर अंधेरीत आणि नोकरी वाळवंटात. त्यांना तोलून पाहायला कोणी अमुक तारखेपर्यंतची मुदतही दिली नव्हती. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ साली एक झाल्या तेव्हाही दोन याद्यांचे भांडण पुढे वर्षानुवर्षे धुमसत राहिले. नव्या ड्रीमलायनर विमानांचे शिक्षण कोणाला द्यायचे यावरून २०१२ साली ५८ दिवसांचा संप झाला. वर्तमानपत्रांनी तेव्हा वैमानिकांना 'लाडावलेले' म्हणून झोडपले. मला वाटते, त्या भांडणाच्या मुळाशी हीच भीती होती: आपला क्रमांक गेला की आपण कोण?

माझे म्हणणे यादीविरुद्ध नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की तळ बंद करण्याचा निर्णय कंपनीचा, त्याचा नफा कंपनीचा, आणि त्याचे ओझे मात्र वैमानिकाने आपल्या झोपेतून फेडायचे, हा व्यवहार सरळ नाही. विस्थापिताला घर हलविण्याचा खर्च देण्याची कलमे अनेक करारांत आहेत, आणि ती योग्यच आहेत. पण घर म्हणजे ट्रकमध्ये भरण्याचे सामान नव्हे. पत्नीची नोकरी, म्हातारी आई, मुलीचे शेवटचे वर्ष हे कोणत्या ट्रकमध्ये भरायचे? ज्याला हलता येत नाही त्याच्यासाठी काय? कोल्गनच्या अपघातानंतर २०१४ च्या जानेवारीपासून अमेरिकेत कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे नियम लागू झाले. कामावर येताना ताजेतवाने असणे ही वैमानिकाचीही जबाबदारी आणि कंपनीचीही, असे त्यांत म्हटले आहे. पण घरून तळापर्यंतचा प्रवास अजूनही कामाच्या वेळेत धरला जात नाही. तो वैमानिकाचा खासगी मामला.

काही प्रादेशिक कंपन्यांनी अलीकडे, माणसे मिळेनात म्हणून का होईना, बाहेरगावच्या वैमानिकांना महिन्यातल्या काही रात्री हॉटेलची खोली देऊ केली. गोष्ट लहान आहे. पण ज्याचा तळ कंपनीने स्वतः बंद केला आहे, त्याला तरी ही खोली हक्काने, निदान त्याची मुलगी शाळेतून बाहेर पडेपर्यंत मिळावी, असे मला वाटते. तोपर्यंत त्याला यादीत पुढे सरकायलाही थोडा अवधी मिळेल, आणि जवळच्या तळावर कॅप्टनची जागा कधी मोकळी होईल हे त्याने बोटांवर मोजलेले असेलच.